कुठं लिहिलंय?

मी एकदा माझ्याच घराविरुद्ध सही केली होती. साधीसुधी नाही. ‘सौ.’ लावून, मध्ये नवऱ्याचं नाव घालून आणि खाली एक ऐटदार रेघ ओढून. तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मी आमच्या ओळखीच्या यच्चयावत मराठी बायकांच्या सह्या त्याच कागदावर गोळा करून दिल्या. हळदीकुंकवात. वाणाबरोबर.

हे नातीला सांगितलं की ती कपाळावर हात मारून म्हणते, “आजी, दॅट्स सो डम्ब!” बरोबरच आहे तिचं. पण माझ्या त्या मूर्खपणामुळे मला मंदाताई नीट कळल्या, त्यामुळे त्याचा मी फारसा पश्चात्ताप करत नाही.

मेलबर्नमध्ये विद्यार्थ्यांचा पूर आला होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. क्लेटनला आमच्या गल्लीत कुठलंही घर पाहा, दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग. युनिव्हर्सिटी जवळ, शहरात जाणारी ट्रेन हाताशी, आणि भाडं परवडणारं. जळगावची, नाशिकची, हैदराबादची, लुधियानाची पोरं-पोरी एकेका खोलीत तिघं-तिघं राहायची, दिवसा कॉलेज आणि उरलेल्या वेळी कुठे ना कुठे शिफ्ट.

आणि त्याच गल्लीत मी. नवऱ्याच्या स्किल्ड व्हिसावर पुण्याहून आलेली, घराच्या हप्त्यांखाली वाकलेली आणि तरीही ‘आपण लवकरच ग्लेन वेव्हर्लीसारख्या चांगल्या वस्तीत जाणार’ असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणारी बाई. आपण इथल्या लोकांत मिसळलो आहोत हे दाखवण्याची मला एवढी हौस, की सकाळी दहा वाजतासुद्धा मी पोस्टमनला “गुड आरव्हो” म्हणायची. दुपारला आरव्हो म्हणतात हे मला कळायला वर्ष लागलं. तो बिचारा रोज “नो वरीज” म्हणायचा.

मंदाताई आमच्या लगतच्या घरात राहायच्या. साठीच्या आसपास, बुटक्या, रुंद खांद्यांच्या. नायलॉनची साडी, खाली पांढरे स्पोर्ट्स शूज आणि वर बिस्किटांच्या कारखान्यातलं निळं जाकीट. नवऱ्याबरोबर फार पूर्वी इचलकरंजीहून आलेल्या. त्या कारखान्यात त्यांनी निम्मं आयुष्य काढलं, त्यातली बरीच वर्षं युनियनच्या प्रतिनिधी म्हणून. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, घर फिटलेलं होतं. त्या घरात त्यांनी पाच विद्यार्थिनी ठेवल्या होत्या.

त्यांचं बोलणं सुरू व्हायचं ते एकाच प्रश्नाने. “कुठं लिहिलंय?”

त्याची पहिली चुणूक मला अंबाडीपायी दिसली. इथे फूटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये गवताची एक पट्टी असते. जागा काउन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, गवत कापायचं आपण. मंदाताईंनी त्या पट्टीवर अंबाडी लावली. एक दिवस काउन्सिलचा तरुण अधिकारी आला आणि सौजन्याने म्हणाला, की इथे भाजी लावता येत नाही.

“व्हेअर इज इट रिटन?”

“इट्स अ लोकल लॉ, मॅम.”

“ब्रिंग.”

तो बिचारा खरोखर छापील नियम घेऊन आला. मंदाताईंनी चष्मा लावला आणि कुंपणाला टेकून सगळा नियम वाचला, ओठ हलवत. तो आधी एका पायावर उभा राहिला, मग दुसऱ्यावर. शेवटी त्यांनी त्याच्यासमोर एका ओळीवर बोट ठेवलं. भाजीला बंदी नव्हतीच. गाड्यांची नजर अडेल इतकी उंच झाडं नकोत, गुडघ्याच्या खाली ठेवा, एवढंच होतं.

“माय नी ऑर युवर नी?” मंदाताईंनी विचारलं. तो चांगला सहा फुटी होता. तो हसला आणि म्हणाला, “युवर्स, आय रेकन.”

अंबाडीला हा नियम माहीत नव्हता, ती भराभर वाढायची. कायदा मोडू नये म्हणून मंदाताई दर तीन-चार दिवसांनी शेंडे खुडायच्या आणि गल्लीत वाटायच्या. तो सबंध उन्हाळा आम्ही अंबाडीची भाजी खाल्ली. समोरची मार्गारेटसुद्धा. ती म्हणे सॅलडमध्ये घालायची.

त्यांच्या घरात राहायला येणाऱ्या मुलीला एक परीक्षा असायची. भाडेकरार मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय किल्ली मिळायची नाही. “मावशी, माझा विश्वास आहे तुमच्यावर,” असं एखादी म्हणाली, की त्या खवळायच्या. “माझ्यावर कशाला ठेवतेस? कागदावर ठेव. उद्या माझं डोकं फिरलं तर?” घर भरलं तेव्हा त्या एका रविवारी तीन मुलींना बॅगांसकट घेऊन माझ्या दारात आल्या.

“शुभा, तुझी मागची खोली रिकामी आहे ना?”

“अहो पण आम्ही ती गेस्टरूम म्हणून…”

“कोण गेस्ट? दोन वर्षांत कोणी आलंय? त्या खोलीत काय भुतं पोसणारेस?”

अशा रीतीने प्राजक्ता आणि तिच्या दोघी मैत्रिणी माझ्या घरी राहायला आल्या. हप्त्याला हातभार लागला. हे मी अर्थात कोणाला सांगत नसे. विचारलं कोणी, तर म्हणायची, “आमच्या गेस्ट आहेत.”

आता ती सही.

जानेवारीतली दुपार होती. मार्गारेट स्वतः केलेला लेमन स्लाइस, म्हणजे लिंबाचा वड्या पाडलेला केक, घेऊन दारात आली. दोन वर्षांत पहिल्यांदा! मी आनंदाने एवढी बावचळले, की तिला चहा विचारायचंही राहिलं. तिच्या हातात कागद होते. वरती ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘आपली गल्ली कुटुंबांची ठेवू या.’ खाली बारीक अक्षरात बरंच काही होतं. काउन्सिल एक नवा नियम आणणार आहे, त्याला पाठिंबा हवाय, असं ती म्हणाली. कुटुंब म्हटल्यावर आपण मराठी माणसं कधी नाही म्हणू का? शिवाय ती केक घेऊन आलेली. दारात केक घेऊन आलेल्या बाईसमोर कागद वाचत बसणं मला असभ्यपणाचं वाटलं. मी सही ठोकली.

आणि प्लेट रिकामी परत कशी करायची? त्याच आठवड्यात माझ्याकडे हळदीकुंकू होतं. मी तिला म्हटलं, “गिव्ह मी मोर पेपर.” बाहेर चाळीस डिग्री ऊन आणि आत रेशमी साड्यांतल्या घामाघूम बायका. मी हळदीकुंकवाच्या तबकाशेजारी कागद आणि पेन ठेवलं. कुंकू लावायचं, तिळगूळ द्यायचा, वाणाची चाळणी हातात ठेवायची आणि म्हणायचं, “इथं एक सही कर गं.” एकीनेही विचारलं नाही कशाची. त्यातल्या निम्म्या जणींकडे मागच्या खोलीत विद्यार्थी होते. दुसऱ्या दिवशी चकल्यांनी भरलेली प्लेट आणि सह्यांनी भरलेले कागद मी मार्गारेटला नेऊन दिले. तिने मला मिठी मारली. मला वाटलं, झालो आपण ऑस्ट्रेलियन.

फेब्रुवारीत एका सकाळी मंदाताई कुंपणापाशी उभ्या. हातात फुकट येणारा स्थानिक पेपर.

“शुभा, काउन्सिलचा मसुदा वाचलास?”

“कसला?”

त्यांनी उभ्या-उभ्या मराठीत सांगितलं. रक्ताचं किंवा लग्नाचं नातं नसलेली दोनपेक्षा जास्त माणसं एका घरात ठेवायची तर परमिट लागणार, आणि आमच्यासारख्या गल्ल्यांत ते परमिट मिळणारच नाही. त्यांच्या पाच, माझ्या तीन. सेमिस्टर सुरू होत होतं. मुली जाणार कुठे?

“काहीतरीच!” मी म्हणाले. “असं कसं करतील? कोण पाठिंबा देणार याला?”

“तू,” मंदाताई म्हणाल्या. “मी काउन्सिलच्या कचेरीत जाऊन अर्ज बघून आले. पानापानाला हळदीची बोटं लागलीत. पहिली सही तुझी.”

मी काहीबाही बोलू लागले. घाई होती, गर्दी होती, अक्षर बारीक होतं. त्या शांतपणे ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “मला बोलावलं असतंस, तर मी वाचलं असतं.”

मी त्यांना बोलावलं नव्हतं. रोज कुंपणावरून भाजी घेत होते, माझी गेस्टरूम त्यांनी भरून दिली होती, पण हळदीकुंकवाला विधवेला कसं बोलवायचं? मी पुण्यात स्वतःला पुरोगामी म्हणवत होते, बरं का. मी चाचरत म्हणाले, “अहो, तसं… म्हणजे आपल्यात…”

“कुठं लिहिलंय?”

मंदाताईंनी पेपरची घडी केली. “ते नंतर बघू. आधी हे. अजून मसुदा आहे, कायदा झालेला नाही. लिहिणारी माणसंच ना? मग खोडणारीही माणसंच. हरकती पाठवायला मुदत आहे. चल, कामाला लाग.”

मला वाटलं होतं, आपणही उलट्या सह्या गोळा करायच्या. मंदाताईंनी ते उडवून लावलं. कारखान्यातला त्यांचा अनुभव वेगळा होता. “एका कागदावर कितीही सह्या असू देत, साहेब तो कागद एकदाच वाचतो. प्रत्येकीने आपापला कागद दिला, तर त्याला प्रत्येक वाचावा लागतो.” शिवाय त्यांनी शोधून काढलं होतं, की हरकत घ्यायला मतदार असावं लागत नाही. नागरिक असण्याचीही गरज नाही. स्टुडंट व्हिसावरची मुलगीसुद्धा हरकत पाठवू शकते, आणि ‘मला प्रत्यक्ष बोलायचं आहे’ असं लिहिलं, तर सभागृहाला तिचं ऐकून घ्यावंच लागतं.

मुलींचा यावर विश्वास बसेना. “मावशी, व्हिसाचं काही होणार नाही ना?” प्राजक्ता विचारत होती.

“वाच. मोठ्याने वाच. कुठं लिहिलंय व्हिसाचं?”

त्यांच्या स्वयंपाकघरात संध्याकाळी मुली लिहायला बसायच्या. मंदाताई पोळ्या लाटता-लाटता ऐकायच्या. रडगाणं आलं, की लाटणं टेबलावर आपटायच्या. “ ‘वी आर पुअर स्टुडंट्स’ खोड. दया नाही मागायची. तू भाडं भरतेस, इथल्या दुकानात खरेदी करतेस, ट्रेनचं तिकीट काढतेस. तू इथं राहतेस. तेवढं लिही.”

तेव्हा मी माझी अक्कल पाजळली. मला एकदम सुचलं होतं, आणि सुचल्याचा अभिमानही वाटत होता. “मंदाताई, एवढी यातायात कशाला? सगळ्या मुली तुम्हाला मावशी म्हणतात, मला काकू म्हणतात. भाच्या आहेत म्हणून सांगून टाकू. इथल्या लोकांना काय कळतंय?”

लाटणं हवेत थांबलं.

“या माझ्या भाच्या नाहीत,” त्या म्हणाल्या. “भाडेकरू आहेत. मी भाडं घेते आणि पावती देते. नियम चुकलाय, तर नियम बदलायचा. मी का बदलू? आणि आज भाच्या म्हटलं, की उद्या ज्यांना मावशी नाही त्या मुलींनी काय करायचं?”

मी तव्यावरची पोळी उलटायला गेले. ती करपली होती.

एवढं करून मंदाताई थेट मार्गारेटकडे गेल्या. मी घाबरून पडद्याआडून पाहत होते. वाटलं, आता वाजणार. दोघी व्हरांड्यात तासभर बसल्या. परत आल्या तेव्हा मंदाताईंच्या हातात लेमन स्लाइस होता.

“तिला मुलींचा त्रास नाहीये,” त्या म्हणाल्या. “कोपऱ्यावरच्या त्या घराचा आहे. तो मालक कुठे दुसरीकडे राहतो, एका घरात वीस पोरं कोंबतो. कचऱ्याचे डबे उतू जातात, गाड्या तिच्या दारात. आग लागली तर ती पोरं बाहेरही पडू शकणार नाहीत, म्हणून तिला झोप लागत नाही. बाई खोटं नाही बोलत. आपण हे लिहायचं.”

“आपण तिच्या बाजूने लिहायचं?”

“नुसतं ‘नको’ म्हणणाऱ्याला कोण विचारतं? आपलं वाक्य घेऊन जायचं. नात्याचं कलम काढा. त्याच्या जागी खोलीत माणसं किती, धुराचा अलार्म आहे का, बाहेर पडायला दुसरं दार आहे का, डबे किती, ते घाला. कोण कोणाचा कोण, हे काउन्सिलने का विचारावं?”

सुनावणीच्या संध्याकाळी सभागृह भरलं. मंदाताई आपलं घडीचं स्टूल घेऊन आल्या होत्या. खुर्च्या होत्या, तरीही त्या स्टूल टाकून सगळ्यांत पुढे बसल्या, काउन्सिलरांच्या अगदी नाकासमोर. हरकतींचा ढीग एवढा होता, की महापौरबाईंनी विचारलं, सगळ्यांच्या वतीने एक-दोघी बोलल्या तर चालेल का?

मंदाताई उठल्या. “मॅडम, व्हेअर इज इट रिटन?”

महापौरबाईंनी शेजारच्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. मग एकेक मुलगी उठली आणि बोलली. कोणी कागदावरून वाचलं, कोणी पाठ केलेलं म्हणून दाखवलं, पण एकीनेही दया मागितली नाही.

एक काउन्सिलर सारखा तो अर्ज उंच धरून दाखवत होता. “याच समाजातल्या महिलांनी या नियमाला पाठिंबा दिलाय,” असं तो म्हणत होता. मला लांबून हळदीचे डाग दिसत होते.

माझं नाव पुकारलं. मी घरून चार पानांचं इंग्रजी भाषण लिहून आणलं होतं. त्यात दोन ठिकाणी ‘नोटविथस्टँडिंग’ होतं. उभी राहिले आणि त्यातलं एक अक्षर आठवेना. पानं उलटी धरली होती, हे नंतर कळलं. शेवटी तोंडातून निघालं ते असं : “दॅट येलो इज माय टर्मरिक. आय साइन्ड. आय डिड नॉट रीड. आय मेड एव्हरीबडी साइन. थ्री गर्ल्स लिव्ह इन माय हाउस. आय साइन्ड अगेन्स्ट माय ओन हाउस.”

सभागृहात हशा पिकला. महापौरबाईही हसल्या. म्हणाल्या, दाखल झालेला अर्ज मागे घेता येत नाही, पण तुमचं म्हणणं नोंदवून घेऊ. “सो हू आर यू ऑब्जेक्टिंग टू, एक्झॅक्टली?”

“मी,” मी म्हणाले. घाबरून मराठीतच. “माय सेल्फ.”

त्यानंतर मार्गारेट उठली. तिने एवढंच सांगितलं, की तिला कुटुंबांची गल्ली हवी आहे, पण कुटुंब मोजायला माणूस पाठवा असं तिने म्हटलं नव्हतं. डबे मोजा, असं म्हटलं होतं.

मतदान पुढच्या बैठकीत झालं. आमच्या वॉर्डच्या काउन्सिलरने दुरुस्ती मांडली. दुरुस्तीची भाषा मंदाताईंच्या स्वयंपाकघरात पिठाच्या हातांनी घडलेली होती. एका मताच्या फरकाने ती मंजूर झाली. नात्याचं कलम गेलं. अलार्मचं, दारांचं, डब्यांचं आलं. कोपऱ्यावरचं घर मालकाला नीट करावं लागलं. आणि मंदाताईंच्या घरात खोल्यांच्या मापात एक मुलगी जास्त भरली! त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. माझ्या मागच्या खोलीत मापाने अजून एक मावत होती, तर ती मुलगी माझ्याकडे आणून सोडली. “माझंच वाक्य आहे,” म्हणाल्या, “पाळायला नको?”

पुढच्या संक्रांतीला मी आमंत्रण द्यायला गेले, तर त्या दारातच म्हणाल्या, “मी येणारच होते. बोलावलं नसतंस तरी.” आल्या. कोशाची साडी, खाली पांढरे बूट. स्टूल टाकून मधोमध बसल्या. मी तबक घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. मंदाताईंनी कपाळ पुढे केलं. मी हळद लावली, कुंकू लावलं. एक वयस्कर बाई पुटपुटल्या, “हे असं करत नाहीत.” मंदाताईंनी तोंड उघडायच्या आधीच तीन-चार बायका एका सुरात ओरडल्या, “कुठं लिहिलंय?”

मग बरीच वर्षं गेली. ग्लेन वेव्हर्ली राहिलंच. मुलाने शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, टार्निटला घर घेतलं आणि आम्ही नातवंडांमागे तिकडे गेलो. प्राजक्ता आता अकाउंटंट आहे, सिटिझन आहे. तीच मंदाताईंकडे जाऊन-येऊन असायची.

आमच्या नव्या वसाहतीत घरापुढच्या पट्टीवर भाजी लावायला काउन्सिलची मनाई. इथे मात्र ते खरंच लिहिलेलं होतं, मी वाचून खात्री केली. मग मी पेटले. नियमात बदल मागणारा अर्ज स्वतः लिहिला, दारोदार फिरले. केक नेला नाही, आणि कोणालाही वाचल्याशिवाय सही करू दिली नाही. सगळ्यांत वर जागा मोकळी ठेवली होती.

मंदाताई तेव्हा खुब्याचं हाड मोडून रिहॅबमध्ये होत्या. खूप वाळल्या होत्या. निळं जाकीट खांद्यांवरून ओघळत होतं. मी कागद पुढे केला आणि ऐटीत सांगितलं, “पहिली सही तुमची.” त्या म्हणाल्या, “चष्मा दे.” मग वाचायला लागल्या, ओठ हलवत. नर्स औषध घेऊन आली, तिला हाताने थांबवलं. चहा गार झाला. मी आधी एका पायावर उभी राहिले, मग दुसऱ्यावर.

मी लिहिलं होतं, की पट्टीवर भाजी लावण्याची परवानगी वसाहतीतल्या भारतीय रहिवाशांना मिळावी.

ती आमची शेवटची भेट ठरली. मला तेव्हा ते ठाऊक नव्हतं, आणि त्यांना ते मान्य झालं नसतं. त्यांनी पेन माझ्या हातात परत दिलं, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या,

“ ‘भारतीय’ खोड. मार्गारेटने काय खायचं? सगळ्यांसाठी लिहून आण, मग सही करते. आणि पळापळ करू नकोस, मरायला मला अजून सवड नाहीये.”